लिंक नाही, उद्या या

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात दिलेले भाषण. बोलण्याच्या ओघात आलेले थोडे पाल्हाळ कमी करून व शेवटची प्रश्नोत्तरे जोडून स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे.)



मला विषय दिला आहे, घरातलं वायफाय सारखं का तुटतं आणि दोष कुठे आहे ते आपल्याच मोबाईलवरून कसं शोधायचं. सचिवांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, अहो, मी बँकेतला माणूस. इंजिनिअर तर आपल्या बी विंगमध्येच तीन आहेत. ते म्हणाले, "इंजिनिअर सांगतात ते आम्हाला समजत नाही. आणि तुम्ही तर उन्हाळ्यापासून वही घेऊन घरोघरी फिरून राहिले." हे मात्र खरं आहे. त्या वहीत जे आहे तेच आज सांगतो. त्याच्या बाहेरचं मला येत नाही.

पण मी ही वही का घेतली, ते आधी सांगायला पाहिजे.

निवृत्तीच्या आधीची शेवटची काही वर्षं मी गडचिरोली जिल्ह्यात, आलापल्लीच्या पुढच्या एका शाखेत होतो. बँकेत नुकतंच कोअर बँकिंग आलं होतं. त्याआधी लेजर आपल्या टेबलावर असायचं, वीज असो नसो, माणूस आला की पान उघडून पैसे देता यायचे. आता सगळा हिशेब दूर कुठेतरी मुंबईत. जंगलात तार पोचलेली नव्हती म्हणून शाखेच्या छपरावर व्हीसॅटची छत्री बसवलेली. म्हणजे आमचं काम आधी आकाशात ३६ हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाकडे जायचं आणि तिथून खाली यायचं. पाऊस जोराचा आला, की लिंक गेली. त्यामुळे आम्हा सगळ्यांना एक वाक्य तोंडपाठ झालं होतं: "लिंक नाही, उद्या या."

एक म्हातारी बाई निराधारच्या पैशांसाठी ११ किलोमीटर चालत आली. मशीनवर काही येत नव्हतं. मी म्हटलं, लिंक नाही, उद्या या. दुसऱ्या दिवशी ती परत आली. मी परत तेच म्हटलं. तिने एवढंच विचारलं, "लिंक कवा येते जी साहेब?" तिसऱ्या दिवशी नागपूरहून माणूस आला. वर चढून छत्री पाहिली, मोडेम पाहिला आणि मला म्हणाला, "साहेब, लिंक तर तीनही दिवस चालू आहे." मग तो माझ्या टेबलाखाली वाकला. सगळ्या मशिनी जोडणाऱ्या छोट्या स्विचची विजेची पिन अर्धी निघालेली होती. बहुधा माझ्याच पायाने. आकाशात जाऊन आलेला संदेश माझ्या टेबलाखालच्या शेवटच्या चार फुटांत अडला होता, आणि मी दोन दिवस आकाशाला दोष देत होतो.

ती बाई त्या दिवशी आली नाही. आठवड्याने बाजाराच्या दिवशी आली, पैसे घेतले, अंगठा दिला, गेली. मी तिला खरं काय झालं ते सांगितलं नाही.

तेव्हापासून कोणी "नेट नाही" म्हटलं, की मला स्वस्थ बसवत नाही. नेट नाही म्हणजे नेमकं कुठे नाही?

आता विषयावर येतो. इथे बसलेल्यांपैकी बँकेतले जे असतील त्यांना आठवेल, संध्याकाळी ताळा जुळला नाही की आम्ही आधी फरक किती आहे ते पाहायचो. फरकाला ९ ने भाग जात असेल, तर आकडे उलटेपालटे लिहिले असण्याचा संशय घ्यायचा. ७२० च्या जागी २७० लिहिले, फरक ४५०, नवाने भाग जातो. म्हणजे चूक कशी झाली ते फरकच सांगतो. सगळी वहीखाती पहिल्यापासून तपासावी लागत नाहीत. वायफायचंही तसंच आहे. ते *कसं* तुटतं ते नीट पाहिलं, तर *कुठे* तुटतं ते बहुतेक वेळा कळतं.

आपण वायफाय आणि नेट हे एकच समजतो. ते एक नाही. मोबाईलपासून घरातल्या राउटरपर्यंत, म्हणजे आपल्या त्या डबीपर्यंत, हवेतून जातं ते वायफाय. डबीपासून पुढे कंपनीपर्यंत काचेच्या बारीक तारेतून जातं ते नेट. आणि डबीला स्वतःला वीज लागते, ती तिसरी गोष्ट. तिन्ही वेगवेगळ्या कारणांनी बंद पडतात आणि आपल्याला मात्र तिन्ही वेळा सारखंच दिसतं: चाक गोल फिरत राहिलं.

म्हणून पहिल्यांदा मोबाईलच्या वरच्या पट्टीत पाहा. तो पंख्यासारखा आकार असतो ना, तो पूर्णच नाहीसा झाला, तर दोष हवेतला किंवा डबीच बंद पडली. पंखा आहे पण त्याच्याजवळ उद्गारचिन्ह आलं, किंवा "कनेक्टेड, नो इंटरनेट" असं लिहून आलं, तर मोबाईल आणि डबी यांचं जमतं आहे, पुढची वाट बंद आहे. पंखा भरलेला आहे आणि एकच ॲप चालत नाही, बाकी सगळं चालतं, तर ते त्या ॲपचं दुखणं. त्यासाठी डबी बंद-चालू करू नका.

हे पाहताना मोबाईल डेटा बंद ठेवा. हल्लीचे फोन फार हुशार, वायफाय कमजोर झालं की न विचारता सिमच्या डेटावर जातात. मग आपल्याला वाटतं वायफाय चाललं आहे, आणि रोजचा दीड जीबी दुपारीच का संपतो ते कळत नाही. ए विंगमधल्या एका सभासदांची महिनाभराची तक्रार या एका वाक्यात संपली.

दुसरी गोष्ट, घरातला दुसरा फोन घ्या. दोन्ही फोनवर बंद असेल तर फोनचा दोष नाही. एकाच फोनवर बंद असेल तर कंपनीला फोन करून भांडण्यात अर्थ नाही. तिसरी गोष्ट, डबीच्या पोटाखाली एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर १९२.१६८ ने सुरू होणारा एक पत्ता असतो, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. हे आकडे मोबाईलच्या ब्राउझरमध्ये इंग्रजीत टाकायचे. हे पान बाहेरच्या जगातून येत नाही, डबीच्या आतून येतं. नेट बंद असताना हे पान उघडलं, तर हवेतला रस्ता ठीक आहे असं समजा. पान उघडून नुसतं पाहायचं. आत काही बदलायचं नाही.

या तीन गोष्टी मी वहीत रकाने करून लिहितो: वेळ, पंखा कसा होता, डबीचे दिवे कसे होते, दुसरा फोन चालला का, आणि त्याआधी घरात काय झालं. शेवटचा रकाना मी आधी ठेवलेला नव्हता. तो सी विंगमधल्या काकूंमुळे आला.

काकू इथेच बसल्या आहेत आणि सांगायची परवानगी त्यांनी दिलेली आहे. काका आपल्या संस्थापक सभासदांपैकी. ते गेल्यापासून काकू एकट्या राहतात. मुलगा पुण्याला. रोज रात्री आठला त्याचा व्हिडीओ कॉल येतो. होळीनंतर त्याचा मला फोन आला. म्हणाला, "काका, आईला आता फोन जमत नाही. उचलते आणि दोन मिनिटांत लाल बटण दाबून मोकळी होते. परत लावलं तर लागत नाही. विचारलं तर म्हणते मी काही केलंच नाही. मला काळजी वाटते. आज फोन विसरते, उद्या गॅस विसरेल. मी तिला इकडेच आणतो आणि फ्लॅटचं काय ते बघू."

मी गेलो, फोन पाहिला, आणि न तपासता सांगून टाकलं की फोन जुना झाला असेल. चौदा हजारांचा नवा फोन आला. आठ वाजता तेच. काकू रडवेल्या झाल्या. "भाऊ, मी तर त्या लाल बटणाला हातही लावत नाही हो. पण आता मलाच वाटते, लावत असन का?"

त्या वाक्याने मला टेबलाखालची पिन आठवली. मी वही घेतली आणि सलग तीन दिवस आठ वाजता त्यांच्या घरी जाऊन बसलो. पहिल्या दिवशी कॉल तुटला तेव्हा फोनवरचा पंखा साफ गेलेला होता. म्हणजे लाल बटण दाबलं गेलं नव्हतं, कारण लाल बटणाने कॉल तुटतो, वायफाय जात नाही. एवढी एक नोंद काकूंना निर्दोष ठरवायला पुरेशी होती. दुसऱ्या दिवशी माझा फोनही त्यांच्याच वायफायवर ठेवला. दोन्ही एकदम गेले. म्हणजे नवा फोन घ्यायची गरजच नव्हती, चौदा हजार माझ्या उतावीळपणाचे. तिसऱ्या दिवशी मी फोनकडे पाहिलंच नाही, काकूंकडे पाहत बसलो.

आठ वाजले. घंटी वाजली. काकूंनी फोन उचलला. "थांब रे बाबू, ऐकू येत नाही," म्हणाल्या, उठल्या आणि कुलर बंद केला. टक्. त्याच क्षणी टीव्हीमागच्या डबीचे सगळे दिवे विझले.

कुलर आणि डबी एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर होती. बोर्ड जुना, खाचा ढिल्या झालेल्या. कुलरचं बटण दाबलं की बोर्ड हलायचा आणि डबीच्या पिनची वीज क्षणभर तुटायची. क्षणभरच. पण डबी एकदा बंद पडली की परत उभी राहायला दोन-तीन मिनिटं घेते. तोवर मुलगा तिकडून परत परत लावतो आहे आणि ते लागत नाही. हिवाळ्यात हे होत नव्हतं, कारण आपण कुलर होळीनंतर काढतो. ज्या आईला पोराचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून उठावं लागत होतं, तिच्या त्या उठण्यानेच कॉल तुटत होता.

डबीसाठी वेगळा बोर्ड आणला. खर्च अडीचशे रुपये. मुलाला मी त्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला. त्याने बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग लिहिलं, "काका, आईला फोन देता का?" फ्लॅटचा विषय त्यानंतर निघालेला नाही.

आता बाकीच्या वहीतलं भराभर सांगतो.

आपल्या चंद्रपूरचं पहिलं दुखणं म्हणजे ऊन. घरातल्या बहुतेक डब्यांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, ० ते ४० अंशांत वापरा. ते पुस्तक ज्याने लिहिलं तो मे महिन्यात इथे आलेला नाही. बाहेर ४५-४६ अंश असताना वरच्या मजल्यावर स्लॅबखालच्या सज्ज्यावर ठेवलेल्या डबीचं काय होत असेल? ती आधीच स्वतः तापते. दुपारी दोन ते रात्री नऊ दर थोड्या वेळाने बंद पडते आणि सकाळी शहाण्यासारखी चालते, असं असेल, तर दोष उष्णतेचा आहे असा संशय घ्या. सज्ज्यावरून खाली आणा, छातीच्या उंचीवर, मोकळ्या जागी. तीन घरांत मला डबीवर क्रोशाचं कव्हर घातलेलं आढळलं. हौस मी समजू शकतो, आमच्याकडे एकेकाळी टेलिफोनलाही होतं. पण ते काढा.

मोकळी जागा म्हणजे लोखंडी आलमारीच्या मागे नाही, टीव्हीच्या पाठीशी नाही आणि कुलरच्या आडही नाही. या लहरी पत्र्यावरून परत फिरतात आणि पाण्यात जिरतात. पत्र्याचा कुलर, त्याच्या पोटात टाकीभर पाणी, म्हणजे दोन्ही एकत्र. ज्यांचं वायफाय मार्च ते जून बेडरूममध्ये येत नाही आणि पावसाळ्यात आपोआप येतं, त्यांनी कुलर आणि डबी यांच्यामध्ये मनातल्या मनात एक दोरी ताणून पाहावी.

वीज. आपल्या उशाशी २९२० मेगावॅटचं वीज केंद्र आहे आणि लाईन तरी जाते, दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. लाईन गेली की डबीही जाते. डबीला लागते ती साधारण १२ व्होल्टची थोडीशी वीज, त्यासाठी छोटा यूपीएस मिळतो. तो ज्यांना परवडेल त्यांनी घ्यावा. लाईन आल्यावर मात्र तीन मिनिटं दम धरा. मिनिटाला एकदा बटण बंद-चालू केलं, तर ती बिचारी उभीच राहू शकत नाही. डबीचा ॲडाप्टरही जुना होऊन कमजोर पडतो. दिवे लागलेले दिसतात, पण घरात सगळ्यांनी एकदम वापरलं की ती बसते. ॲडाप्टर बदलताना व्होल्टचा आकडा तोच पाहिजे आणि ॲम्पिअरचा तेवढाच किंवा जास्त.

डबीवर एलओएस नावाचा दिवा असतो. तो लाल झाला, तर काचेच्या तारेतून उजेडच येत नाही. इथे आपल्या हातात काही नाही, कंपनीला कळवा. गच्चीवरून गेलेल्या तारांवर माकडं झोके घेतात हे आपण सगळे पाहतो. एवढंच तपासा, की घरातली पिवळी किंवा पांढरी बारीक तार कुठे खिळ्याभोवती किंवा सोफ्याखाली दबलेली नाही ना. आत काच आहे. तिला बांगडीपेक्षा लहान वळण देऊ नका. आणि निघालेल्या टोकात डोळा घालून पाहू नका, आतला उजेड डोळ्याला दिसत नाही पण असतो.

आता दोन नावांचा घोळ. बऱ्याच घरांत वायफायची दोन नावं दिसतात, एक साधं आणि एकाच्या शेवटी ५जी. हे ५जी म्हणजे मोबाईलच्या टॉवरचं ५जी नव्हे. इथे ५ म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, दुसरं २.४ गिगाहर्ट्झ. गणपतीत पलीकडच्या गल्लीतल्या ढोलाचा धप्प आवाज आपल्या बंद खोलीत येतो, पण गाण्याचे शब्द येत नाहीत. तसं २.४ भिंतीतून लांबवर जातं पण सावकाश, ५ वेगवान पण दुसऱ्या भिंतीला दमतं. डबीच्या खोलीत बसला असाल तर ५ घ्या, मागच्या खोलीत २.४. नाव एकच असेल तर फोन आपला आपण निवडतो आणि कधीकधी चुकतो. मग वायफाय एकदा बंद करून चालू करायचं.

२.४ वर मात्र गर्दी आहे. मायक्रोवेव्ह ओव्हन त्याच आसपास चालतो, ब्लूटूथ तिथेच, शेजारीपाजारी तिथेच. मी ए विंगच्या जिन्यात उभा राहून मोजलं, २१ नावं दिसली. तिथे १३ चॅनेल आहेत, पण ते एकमेकांवर चढलेले आहेत. एकमेकांना धक्का न लागता चालतील असे तीनच, १, ६ आणि ११. तीन काउंटर आणि २१ गिऱ्हाईक. काही हुशार माणसं ३ किंवा ४ रिकामा दिसला म्हणून तिथे जाऊन बसतात. ते दोन काउंटरांच्या मध्ये उभं राहून दोन्ही रांगा अडवण्यासारखं आहे. माझी कमिटीला सूचना आहे, मजल्यांप्रमाणे १, ६, ११ असं वाटून घ्यावं, म्हणजे वरखालच्या घरांची टक्कर होणार नाही. बी विंगमधल्या तीन इंजिनिअरांपैकी एकाने हे काम अंगावर घ्यावं. पार्किंगपेक्षा हे वाटप सोपं आहे.

अँड्रॉइड फोनवर वायफायचा जोर मोजणारी ॲप मिळतात. त्यात आकडा उणे येतो, लोक घाबरतात. तो ओव्हरड्राफ्टसारखा वाचायचा, जितका कमी तितकं बरं. उणे ५० उत्तम. उणे ६५ पर्यंत व्हिडीओ कॉल नीट चालतो. उणे ८० झालं की तुटणार. आकडा हातात घेऊन घरभर फिरा, दहा मिनिटांत तुमच्या घराचा नकाशा तयार होतो.

फोनमधल्या गोष्टी थोड्याच. पासवर्ड बदलला असेल किंवा एकच फोन अडून बसला असेल, तर वायफायच्या यादीत आपल्या नावावर जाऊन "फरगेट" करा आणि पासवर्ड टाकून परत जोडा. पासवर्ड आधी कागदावर आहे याची खात्री करून. बॅटरी सेव्हर चालू असेल तर एकदा काढून पाहा. कोणी व्हीपीएन टाकून दिलं असेल तर तेही बंद करून पाहा. प्रायव्हेट डीएनएस नावाची एक सेटिंग आहे, तिच्यात पोट्ट्यांनी काही लिहून ठेवलं असेल तर ती ऑटोमॅटिकवर आणा. तिच्यात चूक असली तर वायफाय जोडलेलं दिसतं आणि एकही पान उघडत नाही.

एक खास अडचण सांगतो. एका सभासदांच्या मुलाने, पाहुण्यांनी वायफाय वापरू नये म्हणून, डबीत घरच्या फोनांची यादी करून ठेवली होती. नवा फोन घेतला, तो जोडलाच जाईना. अँड्रॉइड १० पासूनचे बरेच फोन आणि आयओएस १४ पासूनचे आयफोन खासगीपणासाठी आपला खरा ओळख-क्रमांक न देता बनवलेला क्रमांक देतात. डबी म्हणते, नमुना सही जुळत नाही, चेक परत. यादी काढून टाकली आणि पासवर्ड मोठा केला, झालं.

आता माझी स्वतःची चूक. डबीच्या मागे एक बारीक भोक असतं, टाचणी जाईल एवढं. मी मागच्या वर्षी टाचणी घालून दहा सेकंद दाबली, रीस्टार्ट होईल म्हणून. ते रीस्टार्टचं नाही. ते डबीची स्मरणशक्ती पुसायचं भोक आहे. कंपनीने घातलेलं युजरनेम, पासवर्ड, वायफायचं नाव, सगळं गेलं. चार दिवस घर बंद. सौ.नी तेव्हापासून घरातल्या टाचण्या देवघरात ठेवल्या आहेत. रीस्टार्ट करायचं तर विजेचं बटण बंद करा, तीस आकडे मोजा, चालू करा.

आणि शेवटी बँकेतला माणूस म्हणून एक हात जोडून विनंती. नेट बंद पडलं की लोक गूगलवर कंपनीचा कस्टमर केअर नंबर शोधतात. तिथे ठग नंबर टाकून बसलेले असतात. समोरचा गोड बोलतो आणि "मी इथूनच दुरुस्त करतो, हे ॲप घ्या," म्हणतो. त्या ॲपने तुमचा पडदा त्याला दिसतो, ओटीपीसकट. रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीतच एनीडेस्क या ॲपवरून होणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं. नंबर बिलावर असतो किंवा कंपनीच्या ॲपमध्ये, तोच वापरा. वायफाय दुरुस्त करायला ओटीपी लागत नाही, एक रुपयाही पाठवावा लागत नाही. फसवणूक झालीच तर लाजू नका, लगेच १९३० ला फोन करा.

हे सगळं आता का सांगतो आहे, तर पुढे नोव्हेंबर आहे. हयातीचा दाखला म्हणजे जीवन प्रमाण २०१४ मध्ये सुरू झालं, आणि २०२१ च्या नोव्हेंबरपासून मोबाईलच्या कॅमेऱ्यात चेहरा दाखवूनही ते करता येतं. चेहरा दाखवताना मधेच वायफाय गेलं, तर आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ऑक्टोबरमध्येच एकदा घर तपासून घ्या.



भाषणानंतर विचारलेले काही प्रश्न

एका सभासदांनी विचारलं, "माझा मुलगा भामरागडकडे शिक्षक आहे. तिथे काचेची तार नाही, फोनचाच हॉटस्पॉट करतो. त्याला यातलं काय उपयोगी?"

तिथे हवेतले रस्ते दोन आहेत, टॉवर ते फोन आणि फोन ते फोन. पहिला अवघड, दुसरा सोपा. म्हणून हॉटस्पॉटचा फोन टॉवर मिळतो तिथे, खिडकीत किंवा उंचावर ठेवावा, चार्जिंगला लावून, पण उन्हात नाही. आपण दुसरा फोन घेऊन आठ-दहा पावलांवर बसावं. बहुतेक जण उलटं करतात, हॉटस्पॉटचा फोन खिशात आणि स्वतः घरात. हॉटस्पॉट २.४ वर ठेवावा. पावसाळ्याआधी जरुरीची कागदपत्रं फोनमध्ये उतरवून ठेवावीत. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद पडायचा हे मी नोकरीत पाहिलं आहे, आणि त्या दिवसांत दुरुस्तीचा माणूसही पोचत नसे.

एका भगिनींनी विचारलं, शेजाऱ्यांना पासवर्ड द्यावा का? अडीअडचणीला द्यावा, काम झाल्यावर बदलावा. बऱ्याच डब्यांत पाहुण्यांसाठी वेगळं नाव तयार करता येतं, ते अधिक चांगलं. मन मोडत नाही आणि घरचं वायफाय वेगळं राहतं.

सगळ्यात शेवटी सी विंगच्या काकू उभ्या राहिल्या. "भाऊ, तुम्ही एवढं सांगितलं, पण मी अजूनही घंटी वाजली की कुलर तसाच चालू ठेवून गॅलरीत पळते. आता बंद केला तर चालन का?"

बिनधास्त बंद करा काकू. तुमचे बोर्ड आता वेगळे आहेत.